पासपोर्ट परका, पण कचऱ्याची गाडी इथलीच

परदेशी रहिवाशांना, नागरिक नसले तरी, स्थानिक निवडणुकीत मत द्यावं का? न्यूयॉर्कच्या कोर्टाचा निकाल आला तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय, लिहू लिहू म्हणत राहून जात होतं, आज बसलेच.

झालं असं की डिसेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कौन्सिलने एक कायदा पास केला. ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे किंवा कामाचा परवाना आहे आणि जे शहरात निदान ३० दिवस राहिलेत, त्यांना मेयर, कौन्सिलर वगैरे शहराच्या निवडणुकांमध्ये मत देता येईल, अमेरिकेचे नागरिक नसले तरी. साधारण ८ लाख लोक त्यात बसत होते. त्यातल्या एकालाही त्या कायद्याखाली मत देता आलं नाही. लगेच केस झाली, २०२२ मध्ये खालच्या कोर्टाने कायदा उडवला, मग अपील, मग अजून अपील, आणि मार्च २०२५ मध्ये राज्याच्या सगळ्यात वरच्या कोर्टाने ६ विरुद्ध १ असा निकाल दिला की राज्याच्या घटनेत मताचा हक्क नागरिकाला दिलाय, तेव्हा नागरिकच. खेळ खल्लास.

त्यावर ऑनलाइन जी भांडणं झाली ती ठरल्यासारखी. एक पार्टी म्हणते आम्ही टॅक्स भरतो मग मत का नाही, दुसरी म्हणते मत पाहिजे तर नागरिकत्व घ्या नाहीतर गप बसा. दोन्हीकडचे अगदी तावातावाने बोलतात आणि मला दोन्ही मुद्दे अर्धेकच्चे वाटतात.

टॅक्सवाला मुद्दा आधी घेते, कारण मी ज्यांच्या बाजूची आहे त्यांचाच तो लाडका आहे. अहो टॅक्स तर चार दिवस फिरायला आलेला टूरिस्टपण भरतो, हॉटेलच्या बिलात. त्याला कोणी मत देत नाही आणि तो मागतही नाही. उलट ज्या नागरिकाची कमाई टॅक्स लागण्याइतकी नाही त्याचं मत कोणी काढून घेत नाही, घेऊही नये. आधी फक्त जमीनवाल्यांना मत, मग घरपट्टी भरणाऱ्यांना, मग कुठे सगळ्यांना, असं करत करत मत आणि पैसा यांची गाठ सोडवायला लोकांच्या पिढ्या गेल्यात, ती गाठ आपणच परत कशाला मारायची? ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात त्या जुन्या पद्धतीचा थोडा अंश अजून शिल्लक आहे. तिथे नागरिक नसलेला माणूस कौन्सिलचा मालमत्ता कर भरत असेल तर अर्ज करून कौन्सिलच्या मतदार यादीत नाव घालू शकतो. म्हणजे घर विकत घेतलेल्या परदेशी माणसाला मत, आणि त्याच गल्लीत वर्षानुवर्षं भाड्याने राहणाऱ्या परदेशी माणसाला ठेंगा. टॅक्सचा मुद्दा शेवटपर्यंत ताणला की तुम्ही इथेच येऊन पोचता.

मला विचाराल तर खरा मुद्दा राहण्याचा आहे. कौन्सिल करते काय? कचरा कधी उचलायचा, बस कुठे थांबवायची, पाळणाघरात किती मुलं घ्यायची, फुटपाथ, लायब्ररी, खेळाचं मैदान, समोरच्या मोकळ्या प्लॉटवर बिल्डिंगला परवानगी द्यायची का नाही. यात सैन्य नाही, परराष्ट्र धोरण नाही, देशाची घटना बदलणं नाही. बसस्टॉप लांब नेला तर जो चालणार आहे तो चालणारच, खिशात कुठल्याही रंगाचा पासपोर्ट असो. आणि ज्याला वर्षानुवर्षं तिथेच राहायचंय त्याला "तुझं काय, तू पाहुणा" म्हणणं हे मला पटत नाही.

हे स्वीडनला सगळ्यात छान जमलंय असं माझं मत. १९७५ मध्ये कायदा केला आणि १९७६ च्या निवडणुकीपासून परदेशी रहिवाशांना म्युनिसिपालिटी आणि प्रांताच्या निवडणुकीत मत द्यायला लागले. अट एवढीच की तीन वर्षं देशात नोंदणी झालेली पाहिजे (युरोपियन युनियन, नॉर्वे, आइसलंडवाल्यांना तीही नाही). तिथे संसद, प्रांत आणि म्युनिसिपालिटी तिन्हीचं मतदान एकाच दिवशी असतं आणि मतपत्रिकांचे रंग वेगळे, संसदेची पिवळी, प्रांताची निळी, म्युनिसिपालिटीची पांढरी. माझी एक मैत्रीण बरीच वर्षं तिकडे आहे, पासपोर्ट अजून भारताचाच. ती सांगत होती की तिच्या घरी मतदानाचं कार्ड आपोआप पोस्टाने आलं, कुठे अर्ज नाही, रांग नाही, आणि तुला कुठल्या निवडणुकांना मत आहे हे त्या कार्डावरच छापलेलं. नवरा स्वीडिश झालाय, त्याने तीन पाकिटं टाकली, हिने दोन, पिवळी सोडून. मला हे फार आवडलं. सगळं द्या किंवा काहीच नको असं भांडत बसण्यापेक्षा देशाचं मत वेगळं, गावाचं मत वेगळं, इतकी साधी विभागणी, आणि ती रंगावरून पोरालाही कळेल.

आता कोणी म्हणेल ते स्कँडिनेव्हियाचे लाड आहेत. तसं पण नाही. आयर्लंडमध्ये १९६३ पासून स्थानिक निवडणुकीला नागरिकत्वाची अटच नाही, तिथे राहतोस ना, १८ पूर्ण ना, रजिस्टर हो आणि मत दे. उभंही राहता येतं. रोटिमी अदेबारी हे नायजेरियातून २००० मध्ये आश्रय मागत आयर्लंडला आले, २००४ मध्ये पोर्टलीशच्या टाउन कौन्सिलवर निवडून आले आणि २००७ मध्ये तिथले मेयर झाले. डेन्मार्कने १९८१ ला सगळ्या परदेशी रहिवाशांना हक्क दिला (मधे २०२२ ला तीन वर्षांची अट चार केली), नेदरलँड्सने १९८५ ला, पाच वर्षांच्या अटीवर. आशियात दक्षिण कोरिया, २००६ च्या स्थानिक निवडणुकीपासून, कायम वास्तव्याचा परवाना मिळून तीन वर्षं झालेल्यांना. न्यूझीलंड तर कायम रहिवाशाला संसदेसाठीसुद्धा मत देतं, १९७५ पासून, एक वर्ष देशात राहिलं की झालं. आणि सगळ्यात जुनं म्हणाल तर स्वित्झर्लंडमधला न्यूशातेल प्रांत, १८४९! एवढ्या देशांत एवढी वर्षं हे चाललंय आणि कुठे देश बुडाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

अमेरिकेची गंमत तर वेगळीच. आज तिथे "परदेशी लोक मत देतायत" म्हटलं की टीव्हीवर आग लागते, पण एकोणिसाव्या शतकात कितीतरी राज्यांत नागरिक नसलेल्यांना मत होतं, मी नागरिक होणार आहे असं कागदावर जाहीर केलं की बास. तेव्हा जमिनी रिकाम्या होत्या, माणसं हवी होती, मग मत हे आमिष होतं. शेवटचं राज्य आर्कान्सॉ, तिथे हे १९२६ मध्ये बंद झालं. म्हणजे मताचा हक्क हा तत्त्वावर कमी आणि गरजेवर जास्त चालतो, हे आपलं माझं निरीक्षण. आत्तासुद्धा मेरीलँडमधल्या टाकोमा पार्कसारख्या छोट्या गावात १९९२ पासून नागरिक नसलेले लोक गावाच्या निवडणुकीत मत देतातच, व्हरमाँटमध्ये दोन-तीन ठिकाणी अलीकडे सुरू झालंय. न्यूयॉर्कएवढं मोठं शहर मधे आलं म्हणून सगळ्यांचं लक्ष गेलं इतकंच.

बरं, आता दुसऱ्या पार्टीचा मुद्दा, नागरिकत्व घ्या. हा मी हसण्यावारी नेत नाही, कारण याची सगळ्यात गंभीर मांडणी जर्मनीच्या घटना न्यायालयाने केलीये. १९८९ मध्ये श्लेस्विग-होल्स्टाइन आणि हॅम्बुर्ग या दोन राज्यांनी परदेशी लोकांना स्थानिक मत द्यायचा कायदा केला होता, ऑक्टोबर १९९० मध्ये कोर्टाने दोन्ही कायदे उडवले. म्हणणं असं की सत्ता जनतेकडून येते, आणि घटनेतली जनता म्हणजे जर्मन नागरिक, हे गावपातळीलाही लागू. तुम्हाला राहणारे लोक आणि मतदार यांच्यातली दरी कमी करायचीये ना, मग नागरिकत्वाचा कायदा सोपा करा, मागच्या दाराने मत वाटू नका. हे ऐकायला सरळ आहे आणि खरं सांगायचं तर यात दम आहे. ज्याला मत दिलंय पण पूर्ण नागरिक केलं नाही असा अर्धवट माणूस कायमचा अर्धवटच ठेवायची सोय होते, हा धोका मला खरा वाटतो.

पण मग पुढे काय झालं बघा. दोनच वर्षांत मास्ट्रिख्टचा करार आला, युरोपियन युनियनच्या कुठल्याही देशाचा नागरिक दुसऱ्या सदस्य देशात राहत असेल तर त्याला तिथे स्थानिक निवडणुकीत मत द्यायचंच असं ठरलं, आणि जर्मनीने १९९२ मध्ये स्वतःची घटना त्यासाठी बदलली. म्हणजे आता इटलीहून येऊन काही महिने झालेला माणूस जर्मन गावात मत देतो आणि साठच्या दशकात कामगार म्हणून बोलावून आणलेला तुर्की माणूस, जो तिथेच म्हातारा झाला, ज्याची नातवंडं तिथल्या शाळेत जातात, तो जर्मन नागरिक नसेल तर देऊ शकत नाही, आणि नागरिक व्हायला २०२४ पर्यंत साधारणपणे तुर्की पासपोर्ट सोडावा लागायचा. मग 'जनता म्हणजे नागरिकच' हे तत्त्व गेलं कुठे? तत्त्व म्हणून त्याचा मान मी ठेवला असता, पण शेजारच्या देशांशी करार करायची वेळ आली तेव्हा ते आरामात वाकलं. तेव्हापासून कोणी मला तत्त्व सांगायला लागलं की मी पहिले विचारते, कुठल्या पासपोर्टसाठी?

ऑस्ट्रियातही तसंच, व्हिएन्नाने पाच वर्षं राहिलेल्या बाहेरच्या लोकांना निदान वॉर्डपातळीवर मत द्यायचं ठरवलं होतं, २००४ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने रद्द केलं. आज त्या शहरात मतदानाच्या वयाच्या साधारण एक तृतीयांश लोकांना शहराच्या निवडणुकीत मत नाही. एक तृतीयांश! आणि नागरिकत्व घ्या म्हणावं तर साधारण १० वर्षांची वाट, वर कमाईच्या अटी, आणि बहुतेकांना जुना पासपोर्ट सोडावा लागतो. भारतीयांना हे वेगळं सांगायला नको, आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाहीच, दुसरा पासपोर्ट घेतला की भारताचा गेला, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड मिळतं पण त्यावर मत नाही. आईवडील इकडे, जमीन इकडे, परत यायचं का नाही ते अजून ठरलेलं नाही, अशा माणसाला "फॉर्म भर आणि नागरिक हो की" असं सांगणाऱ्याला स्वतःला कधी तो फॉर्म भरावा लागलेला नसतो. आणि हो, भारतात परदेशी माणसाला ग्रामपंचायतीचंसुद्धा मत नाही, कितीही वर्षं राहिला तरी. बाहेर मत मागताना हे पण लक्षात ठेवायला हवं.

मला सगळ्यात जास्त खटकते ती देवाणघेवाणीची पद्धत, तुम्ही आमच्या लोकांना मत द्या मग आम्ही तुमच्या लोकांना देतो. स्पेनने असे बरेच करार केलेत, दक्षिण अमेरिकेतले देश, नॉर्वे, न्यूझीलंड, कोरिया वगैरे. वरवर बरोबरीचा सौदा वाटतो. पण जो माणूस तिथे राहतोय त्याचं काय? त्याचं मत त्याच्या राहण्यावर नाही तर त्याच्या जुन्या देशाचं सरकार काय करतं यावर अवलंबून, ज्या देशातून तो कदाचित पळून आला असेल. मोरोक्कोचे लाखो लोक स्पेनमध्ये राहतात, पण स्पेनचा मोरोक्कोशी असा करार नाही, मग बसा.

ब्रिटनचा गोंधळ तर विचारूच नका. तिथे भारतीय नागरिकाला, म्हणजे भारताचा पासपोर्ट असलेल्याला, कायदेशीर राहत असेल तर स्थानिकच काय पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत आहे, कारण कॉमनवेल्थ. ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपियन युनियन सोडायची का या २०१६ च्या सार्वमतातही होतं. आणि तीस वर्षं लंडनमध्ये राहिलेल्या फ्रेंच माणसाला, ज्याचं सगळं आयुष्य त्या निकालावर टांगलेलं, त्याला नव्हतं. आता मे २०२४ पासून इंग्लंडमध्ये युरोपियन लोकांचे दोन गट झालेत, २०२० संपायच्या आधीपासून कायदेशीर राहणाऱ्यांचं स्थानिक मत टिकलं, नंतर आलेल्यांपैकी (आयर्लंड, माल्टा, सायप्रसवाले सोडले तर) फक्त ज्या देशांशी करार आहे त्यांना, म्हणजे स्पेन, पोर्तुगाल, पोलंड, लक्झेंबर्ग, डेन्मार्क. एकाच ऑफिसात शेजारी बसणारी पोलिश मुलगी मत देणार आणि इटालियन मुलगा नाही. आणि सीमेपलीकडे स्कॉटलंडमध्ये २०२० च्या कायद्याने कायदेशीर राहणाऱ्या सगळ्यांनाच, कुठल्याही देशाचे असोत. एकच बेट, एकच राजा, आणि मताचे नियम इतके निराळे. माझं मत विचाराल तर स्कॉटलंडचा नियम सगळ्यात स्वच्छ.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथे माझी मलाच पंचाईत होते, एस्टोनिया. १९९१ मध्ये सोव्हिएत युनियनपासून स्वातंत्र्य मिळालं तेव्हा सोव्हिएत काळात येऊन वसलेल्या लोकांना आणि त्यांच्या मुलांना आपोआप नागरिकत्व मिळालं नाही. काहींनी रशियाचं घेतलं, काही कुठलेच नाहीत, त्यांचा तो प्रसिद्ध राखाडी पासपोर्ट. निदान गावाच्या कारभारात तरी त्यांचा आवाज असावा म्हणून त्यांना स्थानिक मत दिलं होतं आणि तीसेक वर्षं ते चाललं. मग युक्रेनचं युद्ध. मार्च २०२५ मध्ये एस्टोनियाच्या संसदेने घटना बदलली, रशिया आणि बेलारूसच्या नागरिकांचं मत लगेच गेलं आणि राखाडी पासपोर्टवाल्यांना ऑक्टोबर २०२५ ची निवडणूक शेवटची. शेजारचा देश रणगाडे घेऊन दुसऱ्या शेजाऱ्यात घुसलेला असताना त्याच्या नागरिकांना आपल्या म्युनिसिपालिटीत मत असू नये असं वाटणं हे मला कळतं, तिकडे बसलेल्या माणसाला मी इकडून शहाणपण शिकवणार नाही. पण राखाडी पासपोर्टवाला? तो कुठल्या देशाचा एजंट? त्याला तर देशच नाही. त्यातले कितीतरी जन्मापासून तिथेच आहेत. त्यांचं काढून घेणं मला भीतीपेक्षा राग काढल्यासारखं वाटतं.

आता जरा उलटी बाजू पण सांगते, म्हणजे हक्क मिळाला तरी लोक तो वापरतात का? स्वीडनमध्ये १९७६ ला साधारण ६० टक्के परदेशी मतदार बाहेर पडले होते, नंतरच्या दशकांत तो आकडा बराच घसरला. बेल्जियममध्ये युरोपियन युनियनबाहेरच्यांना २००६ पासून मत आहे पण आधी स्वतःहून नोंदणी करायची आणि घटनेचा आदर करीन असं लिहून सही करायची, नागरिकांना मात्र अशी सही कोणी मागत नाही. आदर करायला कोणाची ना नाही हो, पण अशी सही मागितली की पहिला निरोप हाच जातो की तुमच्यावर आमचा भरवसा नाही. लोक फॉर्मच भरत नाहीत.

आणि सॅन फ्रान्सिस्को. तिथे २०१६ च्या सार्वमताने ठरलं की ज्यांची मुलं शहरात राहतात त्या पालकांना, नागरिक नसले तरी, कागदपत्रं नसली तरी, शाळा बोर्डाच्या निवडणुकीत मत. कल्पना किती शहाणी बघा, मूल शाळेत आहे ना, मग शाळेबद्दल बोल. २०१८ ला पहिल्यांदा वापरायची वेळ आली. पण नोंदणी करायला गेलं की निवडणूक खात्याचीच सूचना समोर, तुम्ही दिलेली माहिती, नाव आणि पत्त्यासकट, इमिग्रेशनवाल्यांच्या हाती जाऊ शकते. आता सांगा, व्हिसा अडकलेला बाप शाळा बोर्डासाठी हे धाडस करेल? त्या पहिल्या वेळी नाव नोंदवणारे शंभराच्या आतच होते. मग विरोधक म्हणायला मोकळे, बघा कोणाला नकोच आहे. अधिकाऱ्यांची चूक नाही म्हणा, त्यांनी खरं तेच लिहिलं. न लिहिणं जास्त वाईट झालं असतं.

त्यामुळे माझ्या डोक्यात जो नियम आहे तो असा, तीन ते पाच वर्षं कायदेशीर राहिला की स्थानिक मत, पासपोर्ट कुठला ते विचारायचं नाही, वेगळी सही नाही, कार्ड पोस्टाने घरी. देशाच्या संसदेचं मत नागरिकत्वाबरोबर, ते तसंच राहू दे. लक्झेंबर्गने २०१५ मध्ये परदेशी रहिवाशांना संसदेचं मत द्यायचं का असं सार्वमत घेतलं होतं, जिथे जवळपास निम्मे लोक परदेशी आहेत, तरी ७८ टक्के लोक नाही म्हणाले. त्याच देशाने पुढे स्थानिक निवडणुकीची पाच वर्षांची अट मात्र काढून टाकली, २०२३ ला तिथे नवीन आलेल्यांनीही मत दिलं. म्हणजे लोकांना हा फरक कळतो, नीट समजावून सांगितला तर.

तुम्ही बाहेर असाल तर एवढं करा, आपल्या ठिकाणचा नियम एकदा बघून घ्या, कारण कितीतरी लोकांना हक्क आहे आणि पत्ताच नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये स्वतः रजिस्टर व्हावं लागतं, स्वीडन आणि नेदरलँड्समध्ये पत्त्याची नोंद बरोबर असेल तर कार्ड येतं. अमेरिकेत असाल तर उलटी काळजी घ्या, लायसन्सच्या फॉर्मवर मतदार नोंदणीचा चौकोन असतो, घाईत त्यावर टिक करू नका, नागरिक नसताना देशाच्या निवडणुकीत मत देणं तिथे गुन्हा आहे आणि त्यापायी ग्रीन कार्डसुद्धा जाऊ शकतं. काउंटरवरच्या माणसाने "करून टाका" म्हटलं तरी नाही.